घ्रेलिन आणि प्रजनन-ऊतकांचं ऑक्सिडेटिव्ह संरक्षण: प्रयोगाच्या आखणीपासून निष्कर्षाच्या वाक्यापर्यंत

भुकेचं संप्रेरक म्हणून ओळखलं जाणारं घ्रेलिन अंडाशयात आणि वृषणात नेमकं काय करतं, हा प्रश्न शरीरक्रियाशास्त्राच्या आणि पशुवैद्यकाच्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या प्रबंधात येतो. प्रयोग वरवर सोपा दिसतो. काही रॅटना दहा दिवस घ्रेलिन टोचायचं, काहींना नुसतं सलाइन. मग ऊतक काढून सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही ऑक्सिडीकरणाची हानी थोपवणारी तीन एन्झाइमं आणि चरबीच्या ऑक्सिडीकरणातून उरणारं मॅलॉनडायअल्डिहाइड मोजायचं. एन्झाइमं वाढलेली आणि मॅलॉनडायअल्डिहाइड घटलेलं दिसलं, की 'घ्रेलिन अँटिऑक्सिडंट आहे' असं लिहून मोकळं व्हायचं. इराणमधल्या संशोधकांनी २००९-१० च्या सुमारास रॅटच्या वृषणावर आणि अंडाशयावर याच धर्तीचं काम प्रसिद्ध केलं आणि पुढच्या बऱ्याच प्रयोगांनी तोच साचा घेतला.

साचा उपयोगी आहे, पण एकटा पुरेसा नाही. हेच आकडे निदान आणखी तीन कारणांनी हलू शकतात: घ्रेलिनमुळे प्राणी जास्त खातो, घ्रेलिनमुळे लैंगिक संप्रेरकं घटतात, आणि ऊतकात रक्त कमीजास्त उरतं. हा लेख प्रामुख्याने या तीन कारणांना वेगळं काढण्याविषयी आहे. ती वेगळी काढल्यावर जे उरेल, तेवढंच घ्रेलिनच्या संरक्षक परिणामाच्या नावावर जमा करता येईल.

आधी रेणूची नीट ओळख

घ्रेलिन १९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा, केंजी कांगावा आणि सहकाऱ्यांनी रॅटच्या जठरातून वेगळं केलं. ते २८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे. तिसऱ्या जागच्या सेरीनला ऑक्टॅनॉइक आम्लाची साखळी एस्टर-बंधाने जोडलेली असते आणि ही साखळी असेल तरच ते पेशीवरच्या आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला), म्हणजे जीएचएस-आर१ए ला, नीट जोडलं जातं. साखळी जोडणारं एन्झाइम २००८ मध्ये सापडलं. साखळी गळून पडली की उरतं ते डेस-असिल घ्रेलिन. रक्तात एरवी याचंच प्रमाण जास्त असतं आणि प्लाझ्मामधली एस्टरेज एन्झाइमं हे रूपांतर सतत करत असतात.

प्रयोगाच्या दृष्टीने या एका बंधावर बरंच काही अवलंबून आहे. तुम्ही टोचलेलं द्रावण खरोखर असिल घ्रेलिन होतं की साखळी गमावलेलं, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेप्टाइडच्या हाताळणीला पुढे जास्त जागा दिली आहे.

प्रजनन-अवयवांपुरतं सांगायचं तर रॅटच्या वृषणात घ्रेलिन टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींत सापडतं आणि त्याची ग्राही लायडिग व सर्टोली (शुक्राणूंना पोसणाऱ्या) अशा दोन्ही पेशींत आढळते. अंडाशयात ते मुख्यतः पीतपिंडाच्या, म्हणजे अंडोत्सर्गानंतर कूपापासून बनणाऱ्या ग्रंथीच्या, पेशींत दिसतं. म्हणजे स्थानिक परिणामाला जागा आहे. पण घ्रेलिन मेंदूच्या पातळीवर एलएचचा (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाचा) स्राव दाबतं आणि वृषणाच्या ऊतकात, काचपात्रातल्या प्रयोगांत, उत्तेजित टेस्टोस्टेरॉनस्रावही कमी करतं. ही गोष्ट या विषयाच्या मध्यभागी आहे. स्टेरॉइड बनवताना मायटोकाँड्रियातल्या सायटोक्रोम पी-४५० साखळीतून इलेक्ट्रॉन गळतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. टेस्टोस्टेरॉनचं उत्पादनच मंदावलं तर हा कचरा आपोआप कमी होईल आणि मॅलॉनडायअल्डिहाइडही घटेल. ते संरक्षण म्हणायचं की कारखाना अर्धा बंद पडला म्हणायचं, हे संप्रेरकं मोजल्याशिवाय ठरत नाही.

प्रश्न एका वाक्यात, आणि मग गट

गट ठरवण्याआधी प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहा. 'निरोगी वृषणात घ्रेलिनमुळे अँटिऑक्सिडंट एन्झाइमं वाढतात का?' आणि 'सिसप्लॅटिनने होणारी वृषणाची हानी घ्रेलिनने कमी होते का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात मुळात ताणच नसल्यामुळे मॅलॉनडायअल्डिहाइड कमी व्हायला वाव थोडा असतो. माझ्या मते प्रबंधासाठी दुसरा प्रश्न अधिक सशक्त आहे, कारण त्यात हानी डोळ्यांसमोर असते आणि ती कमी झाली की नाही हे सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतं.

दुसऱ्या प्रश्नासाठी किमान चार गट लागतात: नुसतं सलाइन, नुसतं घ्रेलिन, नुसती हानी, आणि हानी अधिक घ्रेलिन. या चौकटीत घ्रेलिनचा स्वतःचा परिणाम आणि हानीच्या उपस्थितीतला परिणाम वेगळे वाचता येतात. हानीसाठी सिसप्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन, कॅडमियम किंवा वृषणाला पीळ देऊन सोडवण्याची शस्त्रक्रिया असे पर्याय वापरले जातात. पिळाच्या पद्धतीत दुसऱ्या बाजूच्या वृषणातही बदल नोंदले गेले आहेत, त्यामुळे त्याच प्राण्याचं दुसरं वृषण 'निरोगी तुलना' म्हणून धरू नका. सिसप्लॅटिन आणि डॉक्सोरुबिसिन ही कर्करोगावरची औषधं आहेत. ती हाताळणाऱ्यालाही अपाय करतात आणि औषध दिल्यानंतर काही दिवस पिंजऱ्यातला भुसाही दूषित समजायचा असतो.

याशिवाय तीन गट असे आहेत की निधी असेल तर मी ते सोडणार नाही.

पहिला, समभोजन गट. घ्रेलिन दिलेले रॅट जास्त खातात आणि त्यांची चरबी वाढते, हे २००० सालापासून माहीत आहे. म्हणून एका गटाला घ्रेलिन द्या, पण खाद्य मात्र सलाइन-गटाने आदल्या दिवशी जेवढं खाल्लं तेवढंच द्या. मोकळं खाणाऱ्या घ्रेलिन-गटात परिणाम दिसला आणि समभोजन गटात नाहीसा झाला, तर तो परिणाम खाण्याचा होता. हा गट बहुतेक आराखड्यांत नसतो, आणि निष्कर्षावर पहिली शंका इथेच घेतली जाते.

दुसरा, ग्राही अडवणारा गट. डी-लायसिन-३-जीएचआरपी-६ हा विरोधक यासाठी प्रचलित आहे. तो पूर्णपणे निवडक नाही, त्यामुळे 'विरोधक + घ्रेलिन' सोबत 'नुसता विरोधक' हा गटही ठेवावा लागतो.

तिसरा, डेस-असिल घ्रेलिनचा गट. हे रूप जीएचएस-आर१ए ला जवळजवळ जोडलं जात नाही. त्यानेही तोच परिणाम दिला तर मार्ग त्या ग्राहीचा नाही, असा धागा हाती लागतो.

हे सगळे गट एका फेरीत बसवायचा हट्ट धरू नका. आधी चार गटांची फेरी, आणि परिणाम ठाम दिसला तर दुसऱ्या फेरीत हे तीन, असं केल्यास प्राणीही कमी लागतात. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वं, म्हणजे पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, ही नीतिशास्त्र समितीच्या अर्जात लिहिण्यापुरती नसतात. वाईट आखलेल्या प्रयोगात मेलेला प्रत्येक प्राणी वाया जातो, याची जाणीव आखणीच्या टेबलावरच हवी. समितीची लेखी मान्यता हातात येईपर्यंत एकही प्राणी मागवू नका.

किती प्राणी, कुठले, कोणत्या दिवशी

'गटात सहा' ही रूढी आहे, हिशेब नाही. हिशेब असा: दोन गटांतला अपेक्षित फरक प्रमाण विचलनाच्या दीडपट असेल, ५ टक्के सार्थकता आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) हवी असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ८ ते ९ प्राणी लागतात. फरक एक प्रमाण विचलनाएवढाच असेल तर सुमारे १७. अनेक गटांची तुलना असेल तर आणखी. स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या वाचनांवरून विचलनाचा अंदाज घ्या, दुसऱ्याच्या शोधनिबंधावरून नको.

नर आणि मादी यांत आखणी फार बदलते. रॅटमध्ये शुक्रजनक नलिकेच्या आवरणाचं एक चक्र सुमारे १३ दिवसांचं असतं आणि पूर्ण शुक्रजननाला सात-आठ आठवडे लागतात. त्यानंतर शुक्राणू अधिवृषणातून (ते जिथे पक्व होतात त्या नळीतून) जायला आणखी आठवडाभर लागतो. दहा दिवसांच्या प्रयोगातून एन्झाइमांबद्दल बोलता येतं. शुक्राणूंच्या संख्येबद्दल 'घ्रेलिनने शुक्रजनन सुधारलं' असं म्हणता येत नाही, कारण त्या दिवशी अधिवृषणात मिळालेले शुक्राणू घ्रेलिन सुरू होण्याच्या कितीतरी आधी घडायला लागलेले असतात.

मादीमध्ये मदचक्र ४ ते ५ दिवसांचं असतं आणि त्याच्या टप्प्यांनुसार अंडाशयातली ऑक्सिडेटिव्ह स्थिती बदलते. अंडोत्सर्ग ही दाहासारखी प्रक्रिया आहे, पीतपिंड मावळतानाही मुक्त मूलकं तयार होतात. टप्पा न जुळवता काढलेली अंडाशयं एकत्र मोजली तर चक्राचाच फरक घ्रेलिनचा म्हणून छापला जाईल. रोज सकाळी ठरावीक वेळी योनिस्राव काचपट्टीवर घेऊन बघा: केंद्रक असलेल्या गोल पेशी जास्त तर पूर्वमद, केंद्रक नसलेल्या खवल्यासारख्या पेशी तर मद, पांढऱ्या पेशींची गर्दी तर मदविराम. दोन सलग चक्रं नियमित असलेल्याच माद्या घ्या आणि सगळ्यांचं ऊतक एकाच टप्प्यात काढा. घ्रेलिनमुळे चक्रच लांबलं तर तोही निष्कर्ष आहे, तो नोंदवा.

पिंजरा, टोचण्याचा क्रम आणि ऊतक काढण्याचा क्रम हे तिन्ही यादृच्छिक असावेत. सगळे सलाइनवाले सकाळी आणि सगळे घ्रेलिनवाले दुपारी, असं झालं की प्रयोग तिथेच संपतो. रॅट रात्री खातात, उपाशीपोटी त्यांचं स्वतःचं घ्रेलिन चढतं आणि खाल्ल्यावर उतरतं. त्यामुळे ऊतक काढण्याची वेळ आणि त्याआधीचा उपवास सगळ्यांना सारखा हवा.

पेप्टाइड: कुपीपासून सुईपर्यंत

रॅटचं घ्रेलिन मानवी घ्रेलिनहून दोन अमिनो आम्लांनी वेगळं आहे, म्हणून खरेदीच्या वेळी 'रॅट, ऑक्टॅनॉइल' असं स्पष्ट पाहून घ्या. त्याचं रेणुवस्तुमान सुमारे ३३१५ आहे. म्हणजे १ नॅनोमोल म्हणजे ३.३ मायक्रोग्रॅम आणि ३ नॅनोमोल म्हणजे जवळपास १० मायक्रोग्रॅम. हिशेब करताना एक गोष्ट हमखास सुटते. कुपीतली पूर्ण पावडर पेप्टाइड नसते, तिच्यात पाणी आणि ट्रायफ्लुओरोअसिटेटसारखे क्षार असतात. सोबतच्या प्रमाणपत्रावर निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण दिलेलं असतं. ते ८० टक्के असेल तर १ मिलिग्रॅमच्या कुपीत ०.८ मिलिग्रॅमच घ्रेलिन आहे. हा भाग न सुधारल्यास तुमचा डोस लिहिल्यापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी असतो.

कुपी शीतकपाटातून काढल्यावर बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, लगेच उघडलीत तर हवेतला दमटपणा पावडरीवर बसतो. निर्जंतुक पाण्यात विरघळवा. काच आणि प्लास्टिकला पेप्टाइड चिकटतं, म्हणून कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा किंवा ०.१ टक्का बोवाइन सीरम अल्ब्युमिन घाला. अल्ब्युमिन घातलंत तर तुलनेच्या गटालाही तेच अल्ब्युमिन-सलाइन मिळालं पाहिजे. एका दिवसाला लागेल तेवढ्याच मापाचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. पुन्हा पुन्हा वितळवणं आणि गोठवणं टाळा. क्षारधर्मी द्रावणात एस्टर-बंध तुटतो, त्यामुळे साठवणीचं द्रावण किंचित आम्लधर्मी ठेवणं हिताचं.

त्वचेखाली रोज एकदा टोचल्यावर रक्तातली पातळी थोडा वेळ चढते आणि झपाट्याने उतरते, कारण असिल घ्रेलिनचं रक्तातलं आयुष्य मिनिटांत मोजायचं असतं. म्हणून रोज एक डोस म्हणजे रोज एक छोटी लाट. त्वचेखाली बसवायचा ऑस्मोटिक पंप सतत पुरवठा करतो, पण शरीराच्या उष्णतेत दिवसेंदिवस पडून राहिलेल्या द्रावणातली साखळी टिकते का हे तपासावं लागतं. शिवाय सततच्या संपर्कात ही ग्राही पेशीच्या आत ओढली जाते आणि प्रतिसाद मंदावतो. पहिल्या प्रयोगासाठी दिवसातून एक किंवा दोन टोचण्या, ठरलेल्या वेळी, हेच मी सुचवेन.

शेवटच्या दिवशी रक्तातलं घ्रेलिनही मोजायचं असेल तर रक्त थंड ईडीटीए नळीत घ्या आणि त्यात लगेच प्रोटीज व एस्टरेज रोखणारं रसायन घाला. थंड ठेवूनच प्लाझ्मा वेगळा करा आणि त्याच्या एक दशांश आकारमानाचं १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळा. एवढं केलं नाही तर मोजलं जाईल ते मुख्यतः डेस-असिल रूप.

ऊतक काढणं: इथे घाई आणि शिस्त दोन्ही लागतात

या टप्प्यावर झालेली चूक पुढच्या कुठल्याही यंत्राने भरून निघत नाही.

सर्वात मोठा अडथळा रक्ताचा. तांबड्या पेशी कॅटलेजने आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेजने गच्च भरलेल्या असतात. अंडाशयासारख्या रक्ताळ, लहान अवयवात थोडं जास्त रक्त उरलं की कॅटलेज 'वाढलेलं' दिसतं. हिमोग्लोबिनचा रंग ४१० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या वाचनांतही ढवळाढवळ करतो. शक्य असेल तर खोल भूल दिलेल्या प्राण्याच्या हृदयातून हेपॅरिनयुक्त थंड सलाइन सोडून अवयव धुऊन काढा. ते जमत नसेल तर अवयव काढून ०.९ टक्के थंड सलाइनमध्ये दोन-तीनदा धुवा, गाळणकागदावर टिपा आणि प्रत्येक नमुन्याच्या अर्कातलं हिमोग्लोबिन मोजून ठेवा. गटागटांत हिमोग्लोबिनचा फरक निघाला तर कॅटलेजच्या आकड्यावर विसंबू नका.

मृत्यूपासून द्रव नायट्रोजनपर्यंतचा वेळ घड्याळ लावून सारखा ठेवा, दोन-तीन मिनिटांच्या आत. रक्तपुरवठा थांबल्यावर ग्लुटाथायोन घसरत जातं. गोठवण्याआधी वजन घ्या. प्रौढ रॅटचं एक वृषण साधारण दीड ग्रॅम भरतं, तिथे ऊतकाची ददात नसते. पांढरं जाड आवरण सोलून मगच आतला लगदा वापरा. अंडाशय मात्र ५० मिलिग्रॅमच्या आसपासचं असतं. म्हणून आधीच ठरवा: एक अंडाशय रासायनिक चाचण्यांना, दुसरं ऊतकचित्राला. डावं-उजवं कशासाठी हेही यादृच्छिक ठेवा. भोवतालची चरबी आणि अंडवाहिनी भिंगाखाली काटेकोर काढून टाका, कारण चरबीचा तुकडा राहिला तर मॅलॉनडायअल्डिहाइडचं वाचन भलतंच येतं.

अर्क करताना ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.४, त्यात १ मिलिमोलर ईडीटीए, बर्फावर, एका भाग ऊतकाला नऊ भाग बफर. या बफरमध्ये काय नसावं हे जास्त महत्त्वाचं आहे. सुक्रोज नको, ते थायोबार्बिट्युरिक आम्लाशी रंग देतं. डायथायोथ्रायटॉल किंवा मर्कॅप्टोइथेनॉल नको, त्यांच्यामुळे ग्लुटाथायोनची चाचणी निरर्थक होते. सोडियम अझाइड नको, ते कॅटलेज बंद पाडतं.

पूर्ण अर्क तयार झाला की सेंट्रिफ्यूज करण्याआधीच तो वाटून घ्या. एक भाग मॅलॉनडायअल्डिहाइडसाठी. त्यात लगेच ब्युटिलेटेड हायड्रॉक्सिटोल्युइन घाला, नाहीतर उकळतानाच नवं ऑक्सिडीकरण होईल. चरबी पटलांत असते आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी जाते, म्हणून हा भाग न फिरवलेला हवा. दुसरा भाग ताबडतोब मेटाफॉस्फोरिक आम्लात टाका, तो ग्लुटाथायोनसाठी. उरलेल्यापैकी कॅटलेजसाठी लागेल तेवढ्याच भागात ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून पेरॉक्सिसोम (कॅटलेज असलेल्या पेशीतल्या पिशव्या) फोडा आणि ४ अंशांवर १०,००० जी ला १५ मिनिटं फिरवून वरचं द्रव घ्या. वेग 'जी' मध्येच (गुरुत्वाच्या पटीत) लिहा. नुसते फेरे लिहिले तर दुसऱ्या यंत्रावर ते निरर्थक असतात.

मोजमाप

मॅलॉनडायअल्डिहाइड: ब्यूज आणि ऑस्ट यांची १९७८ ची पद्धत अजूनही चालते. १ मिलिलीटर अर्कात २ मिलिलीटर अभिकर्मक, म्हणजे १५ टक्के ट्रायक्लोरोअसेटिक आम्ल, ०.३७५ टक्के थायोबार्बिट्युरिक आम्ल आणि ०.२५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं मिश्रण घाला. उकळत्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा, थंड करा, १००० जी ला १० मिनिटं फिरवा आणि ५३२ नॅनोमीटरवर वाचा. शोषण गुणांक १,५६,००० प्रति मोलर प्रति सेंटिमीटर. समजा वाचन ०.०७८ आलं. ०.०७८ भागिले १,५६,००० म्हणजे ०.५ मायक्रोमोलर. एकूण ३ मिलिलीटर असल्याने १.५ नॅनोमोल, आणि हे १ मिलिलीटर अर्कात म्हणजे १०० मिलिग्रॅम ऊतकात होतं. म्हणून प्रति ग्रॅम १५ नॅनोमोल. अंडाशयासाठी सगळी मापं त्याच प्रमाणात लहान करा. ही चाचणी फक्त मॅलॉनडायअल्डिहाइडच मोजते असं नाही, त्यामुळे निबंधात 'थायोबार्बिट्युरिक आम्लाशी अभिक्रिया करणारे पदार्थ' असं लिहिणं प्रामाणिकपणाचं आहे. साथीला प्रथिनांवरचे कार्बोनिल किंवा ८-आयसोप्रोस्टेन मोजलंत तर दावा कितीतरी भक्कम होतो.

सुपरऑक्साइड डिस्म्युटेज: मार्कलुंड आणि मार्कलुंड यांची १९७४ ची पायरोगॅलॉल पद्धत स्वस्त आहे. पीएच ८.२ ला पायरोगॅलॉल आपोआप ऑक्सिडाइझ होतं, एन्झाइम ते रोखतं. ४२० नॅनोमीटरवर नुसत्या पायरोगॅलॉलचा वेग मिनिटाला ०.०२ च्या आसपास जुळवून घ्या. पायरोगॅलॉल रोज ताजं, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बनवा. हा वेग निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे एक युनिट. दुसऱ्या पद्धतीतलं युनिट वेगळं असतं, त्यामुळे इतर निबंधांतल्या आकड्यांशी थेट तुलना करू नका.

कॅटलेज: आरंभी १० मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड, पीएच ७, २४० नॅनोमीटर. या तरंगलांबीवर गुणांक ४३.६ आहे, म्हणून द्रावणाचं वाचन ०.४३ च्या आसपास आलं पाहिजे. बाटलीवरच्या '३० टक्के' वर विश्वास न ठेवता रोज हे वाचन घ्या, पेरॉक्साइड बाटलीत हळूहळू विघटित होत असतं. प्लास्टिकचे साधे क्युवेट इथे चालत नाहीत, क्वार्ट्झ लागतात. उतार पहिल्या अर्ध्या मिनिटाचाच घ्या. वितळवल्यावर सगळ्यात आधी हीच चाचणी करा.

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज: पाग्लिया आणि व्हॅलेंटाइन यांची १९६७ ची जोडपद्धत. ग्लुटाथायोन रिडक्टेज घालून एनएडीपीएचचा ३४० नॅनोमीटरवरचा ऱ्हास बघायचा, गुणांक ६२२०. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत असाल तर कॅटलेज थोपवण्यासाठी अझाइड फक्त याच चाचणीच्या मिश्रणात घालायचं. वृषणाबाबत इथे एक खास मुद्दा आहे. वृषणात ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज-४ हा फॉस्फोलिपिडवर काम करणारा प्रकार भरपूर असतो आणि परिपक्व शुक्राणूत तोच मायटोकाँड्रियाभोवतीच्या आवरणाचं संरचनात्मक प्रथिन बनून बसतो. नेहमीच्या चाचणीत त्याचं काम नीट दिसत नाही. म्हणून 'एकूण पेरॉक्सिडेज बदललं नाही' यावरून शुक्राणूंचं संरक्षण बदललं नाही असं ठरत नाही, त्यासाठी जीपीएक्स-४ चं प्रथिन वेगळं बघावं लागतं.

ग्लुटाथायोन एलमनच्या अभिकर्मकाने ४१२ नॅनोमीटरवर, प्रथिन ब्रॅडफोर्डने ५९५ वर. लाउरी पद्धतीत थायोल अडथळा आणतात. ट्रायटन असलेल्या भागात ब्रॅडफोर्डही बिघडते, तेव्हा प्रथिन ट्रायटनरहित भागात मोजा.

प्रत्येक चाचणीला एक साधी परीक्षा द्या: अर्क निम्मा घातला तर क्रियाशीलता निम्मी येते का? येत नसेल तर तुम्ही सरळ रेषेच्या बाहेर आहात. आणि प्रत्येक दिवसाच्या बॅचमध्ये सगळ्या गटांचे नमुने मिसळून ठेवा, मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. निकाल प्रति मिलिग्रॅम प्रथिन आणि प्रति ग्रॅम ऊतक असे दोन्ही द्या. सूज आलेल्या ऊतकात पाणी वाढतं, घ्रेलिनने प्रथिनाचं प्रमाण बदललं असेल तर भागाकारातला छेद बदलतो, आणि यांपैकी एकच आकडा दिला तर वाचकाला ते कळत नाही.

ऊतकचित्र आणि संप्रेरकं

एका बाजूचं वृषण बुआँच्या किंवा सुधारित डेव्हिडसनच्या द्रावणात टाका, साध्या फॉर्मलिनमध्ये नलिका आकसतात. जॉनसन गुणांकन (नलिकेत शुक्रजनन किती पूर्ण आहे याचे गुण), नलिकांचा व्यास, अंडाशयात कूपांची वर्गवार मोजणी, हे नेहमीचं. लायडिग पेशी वृषणाचा फार थोडा भाग व्यापतात. पूर्ण वृषणाच्या अर्कात त्यांच्यातला बदल बुडून जातो, म्हणून त्या पेशींपुरतं बोलायचं असेल तर प्रतिपिंड-रंजनाशिवाय गत्यंतर नाही.

सीरममधलं टेस्टोस्टेरॉन, मादीत इस्ट्रॅडिऑल व प्रोजेस्टेरॉन, आणि दोन्हींत एलएच मोजाच. सोबत वृषणातलं टेस्टोस्टेरॉन मोजता आलं तर उत्तम.

आकडे वाचताना

सांख्यिकीत एकक प्राणी आहे. एका प्राण्याची दोन वृषणं म्हणजे दोन नमुने नव्हेत, आणि एका छेदातल्या वीस नलिका म्हणजे वीस नमुने नव्हेत. चार गटांच्या चौकटीला द्विमार्गी विचरण विश्लेषण (टू-वे एनोव्हा) लावा आणि घ्रेलिन व हानी यांची परस्परक्रिया बघा. संरक्षणाचा दावा त्या परस्परक्रियेवर उभा असतो, 'हानी + घ्रेलिन' गट सलाइनपेक्षा सार्थ वेगळा नाही एवढ्यावर नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांचं वृत्त कसं द्यावं हे सांगणाऱ्या एआरआरआयव्हीई मार्गदर्शक सूचनांची २०२० ची सुधारित यादी लिखाणाआधी नव्हे, आखणीच्या वेळीच समोर ठेवा.

एन्झाइम वाढलं म्हणजे बरं झालं, ही समजूत सोडा. ताण वाढला की पेशी स्वतःहूनही डिस्म्युटेज वाढवते. डिस्म्युटेज सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. पुढे कॅटलेज आणि पेरॉक्सिडेज त्याच प्रमाणात वाढले नसतील तर ऊतकात पेरॉक्साइड साचेल. म्हणून एन्झाइमांचे आकडे नेहमी हानीच्या निर्देशकांसोबत वाचा. एन्झाइमं वर आणि मॅलॉनडायअल्डिहाइड, कार्बोनिल खाली, ऊतकचित्र सुधारलेलं, तर संरक्षण. एन्झाइमं वर आणि मॅलॉनडायअल्डिहाइडही वर, तर ती पेशीची धडपड आहे.

यानंतर संप्रेरकांचा तक्ता शेजारी ठेवा. टेस्टोस्टेरॉन जसंच्या तसं आणि हानी कमी असेल तर स्थानिक संरक्षणाचा दावा टिकतो. टेस्टोस्टेरॉन निम्म्यावर आलं असेल तर निष्कर्षात तसं स्पष्ट लिहा: घ्रेलिनने ऑक्सिडेटिव्ह हानी घटली, त्याच वेळी स्टेरॉइडनिर्मितीही घटली, आणि या आखणीत दोन्ही वेगळे करता येत नाहीत. वेगळे करायचे असतील तर पुढच्या फेरीत टेस्टोस्टेरॉन बाहेरून देऊन पातळी बांधून ठेवलेला गट घ्यावा लागेल, किंवा वृषणाचे तुकडे काचपात्रात घ्रेलिनसोबत ठेवून एलएचचा प्रभाव बाजूला काढावा लागेल. काचपात्रात खाण्याचाही प्रश्न मिटतो आणि रक्ताचाही, मात्र तिथे २० टक्के ऑक्सिजन हा वृषणासाठी नैसर्गिकपेक्षा फार जास्त आहे, तेव्हा ऑक्सिजनचं प्रमाण कमी ठेवणारं इनक्युबेटर वापरा.

विरोधकाच्या गटात परिणाम नाहीसा झाला तर 'जीएचएस-आर१ए मार्फत' असं लिहिता येईल. नाहीसा झाला नाही आणि डेस-असिल घ्रेलिननेही तोच परिणाम दिला, तर ते वाक्य काढून टाका आणि दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी छापा.